स्लॅबला स्वेटर

इंजिनियरिंगची डिग्री हातात पडायला चार वर्षं लागतात (ए.टी.के.टी.वाल्यांना थोडी जास्त!). पण घरच्यांच्या आणि गल्लीतल्या लोकांच्या हिशेबाने आपण ॲडमिशनच्या दिवशीच इंजिनियर झालेलो असतो. कॉम्प्युटरवाल्याने मोबाईल दुरुस्त करून द्यायचा, इलेक्ट्रिकलवाल्याने मिक्सर, आणि आमच्यासारख्या सिव्हिलवाल्यांनी भिंतीला गेलेल्या प्रत्येक भेगेकडे पाहून गंभीरपणे मान हलवायची. पूर्वी लोक विचारायचे, ‘बेटा, सिमेंट कोणतं चांगलं?’ आता प्रश्न बदलले आहेत. ‘छताला स्प्रे फोम मारून घ्यावा का? आणि ते इपॉक्सी फ्लोअरिंग कसं राहते?’ मोबाईलवरच्या व्हिडिओंनी हे दोन शब्द वर्ध्याच्या गल्लीबोळात आणून सोडले आहेत. व्हिडिओत एक माणूस पाइप धरून भिंतीवर फवारा मारतो, फेस फुगतो, आणि घर थंड! दुसऱ्या व्हिडिओत फरशीवर रंग ओततात आणि ती आरशासारखी चमकते.

आमच्या घरी हा विषय गमतीचा नव्हता. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला उन्हाळा समजावून सांगायची गरज नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तर इथे कुणी दचकत नाही. आमचं घर एकमजली, वर मोकळा स्लॅब, आणि आजीची खोली पश्चिमेला. म्हणजे दुपारी वरून ऊन आणि संध्याकाळी बाजूनेही ऊन. मागच्या उन्हाळ्यात आजीला चक्कर आली, दोन दिवस दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाचं तर बघाच, पण रात्रीसुद्धा यांची खोली तापलेली नको. म्हाताऱ्या शरीराला रात्री विसावा मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन सोसत नाही. बाबांनी त्याच आठवड्यात एका कंपनीच्या माणसाला बोलावलं.

क्वोटेशन आलं ते इंग्रजीत. मी कन्व्हेंटची, त्यामुळे ते वाचून दाखवायचं काम माझं. सगळ्या स्लॅबला आतून म्हणजे सिलिंगला दोन इंच पॉलियुरेथेन फोम, आणि हॉल व आजीच्या खोलीला इपॉक्सी कोटिंग. खालचा आकडा बाबांच्या पाच महिन्यांच्या पगाराएवढा होता. बाबांची रिटायरमेंट जवळ आली आहे, पैसे पी.एफ.मधून काढायचे होते. बाबा म्हणाले, ‘तू सांग, करायचं का?’ विसाव्या वर्षी इतका मोठा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मग मी उत्तर शोधायला बसले. घरातल्या प्रत्येकाने आपापला प्रश्न विचारला, आणि मला वाटतं ते प्रश्न माझ्या बऱ्याच पेपरांपेक्षा चांगले होते. म्हणून ते इथे देते. तुमच्याही घरी आज ना उद्या निघतील.

आजीचा प्रश्न : ‘उनाया­त कोनी स्वेटर घालते का?’

‘इन्सुलेशन’ला मराठी शब्द सांगताना माझी दांडी उडाली. पुस्तकात ‘उष्णतारोधन’ असा शब्द सापडला, पण तो आजीला सांगणं म्हणजे तिला पुन्हा चक्कर आणणं. मी म्हटलं, ‘आजी, छताला स्वेटर घालायचा.’ ती म्हणाली, ‘काहून व? उनायात कोनी स्वेटर घालते का?’

उत्तर आजीलाच माहीत होतं. लग्नात बर्फाची लादी यायची तेव्हा तिच्याभोवती भुसा आणि पोतं गुंडाळलेलं असायचं. पोतं बर्फाला ऊब देत नाही, बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही. स्वेटर आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. काम एकच, दिशा उलटी.

फोमचं तेच. दोन रसायनं नोझलपाशी एकत्र येतात, काही सेकंदांत फुगतात आणि घट्ट होतात. त्यात लाखो बारीक कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात अडकलेला वायू असतो. उष्णता अडवतो तो हा कोंडलेला वायू. प्लास्टिक फक्त त्याला जागेवर धरून ठेवतं. किती अडवतो? काँक्रीटची उष्णतावाहकता साधारण १.५८ आणि चांगल्या फोमची ०.०२५ (युनिट वॅट प्रति मीटर केल्व्हिन, परीक्षेत लिहायला विसरू नका). म्हणजे दोन इंच फोम जेवढी उष्णता अडवतो तेवढी अडवायला दहा फूट जाडीचा काँक्रीटचा स्लॅब लागेल! मला हा आकडा चुकलाय असं वाटून मी तो तीनदा काढला. बरोबर आहे. आणि हा फोम आपल्यासाठी अगदी नवा पाहुणाही नाही. आपल्या प्रत्येकाच्या फ्रिजच्या भिंतीत तो भरलेला असतो.

बाबांचा प्रश्न : ‘पैसे टाकून खरंच फरक पडेल?’

बाबांना वाहकता वगैरे नको होती. त्यांना समजेल असं सांगायला मी मेकॅनिकलच्या मैत्रिणीच्या नोट्स घेतल्या आणि हिशेब मांडला. मे महिन्याची दुपार, स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ६५ अंश धरला, खोली ३५. पाच इंचांचा उघडा स्लॅब. दहा बाय दहाच्या खोलीत वरून येणारी उष्णता निघाली सुमारे ११०० वॅट. म्हणजे आजीच्या डोक्यावर एक हजार वॅटचा हीटर उलटा टांगून चालू ठेवल्यासारखं! वर दोन इंच फोम असेल तर तीच उष्णता येते सव्वाशे वॅटच्या आसपास, म्हणजे जुन्या शंभरच्या बल्बपेक्षा थोडी जास्त. हा हिशेब ढोबळ आहे, खरं ऊन दर तासाला बदलतं. पण फरक किती मोठा आहे ते यातून कळतं.

आणखी एक गोष्ट. स्लॅब लगेच तापत नाही. वरची उष्णता खाली पोचायला तीन-चार तास लागतात. म्हणून दुपारी दोनपेक्षा संध्याकाळी सहाला सिलिंग जास्त तापलेलं असतं आणि रात्री बारापर्यंत ते खाली आग ओकत राहतं. डॉक्टर ज्या रात्रीबद्दल बोलले होते, ती रात्र खराब करणारा हाच स्लॅब.

माझा प्रश्न : आतून की वरून?

क्वोटेशनमध्ये फोम आतून होता. व्हिडिओतही आतूनच मारतात. पण व्हिडिओतली घरं अमेरिकेतली असतात. तिथे लाकडी सांगाडा, वर उतरतं छप्पर, त्याखाली माळा. फोम त्या लाकडांच्या मधे भरतात. आपल्याकडे विटेच्या भिंती आणि काँक्रीटचा सपाट स्लॅब.

आतून फोम मारला तर खोलीत उष्णता कमी येईल हे खरं. पण स्लॅब रोज तसाच भाजत राहील, दिवसा ताणेल, रात्री आकसेल आणि त्याच्या भेगा वाढतच जातील. पावसाळ्यात गळलं तर ओल फोमच्या मागे लपेल. आज सिलिंगवर डाग दिसला की आपण मिस्त्रीला बोलावतो. फोमखाली सळई गंजत राहिली तर पोपडे पडेपर्यंत कुणाला कळणार नाही. शिवाय हा फोम पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो, त्यामुळे राहत्या खोलीत तो उघडा ठेवायचा नसतो, त्यावर प्लास्टर किंवा बोर्ड लागतो. क्वोटेशनमध्ये त्याचा उल्लेखच नव्हता.

वरून केलं तर ऊन स्लॅबपर्यंत पोचतच नाही. स्लॅब सावलीत बसल्यासारखा राहतो. मात्र फोम स्वतः ऊन सोसू शकत नाही. पिवळा पडतो, भुगा होतो. म्हणून त्यावर कोबा किंवा टाइल हवीच, आणि खर्च वाढतो. आपल्याकडे जुन्या लोकांनी गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा ब्रिक बॅट कोबा टाकला, तो गळतीसाठी, पण उष्णताही थोडी अडायची. त्याचं दुखणं म्हणजे वजन. चार-साडेचार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास. हजार स्क्वेअर फुटांच्या गच्चीवर वीस टनांचं ओझं. तेवढ्याच गच्चीवर दोन इंच फोमचं वजन साधारण दोनशे किलो. जुन्या स्लॅबच्या बाबतीत हा मुद्दा मोठा आहे.

आईचा प्रश्न : ‘मग कूलर लावायचा की नाही?’

हा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. स्प्रे फोमची सगळ्यांत मोठी स्तुती ही असते की तो प्रत्येक फट बुजवतो, घर हवाबंद करतो. थंड देशात, जिथे हीटर किंवा ए.सी. चालतो, तिथे ही फार मोठी बचत आहे. पण विदर्भाचा उन्हाळा कूलरवर निघतो! कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या वाळ्यातून ओढून घरात ढकलतो. ती हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी लागते. खिडकी बंद केली की दहा मिनिटांत खोली दमट होते, अंग चिकट होतं. म्हणजे कूलरवाल्या घराला हवाबंद होऊन काही उपयोग नाही. जी गोष्ट त्या फोमची अर्धी किंमत वसूल करते, ती आमच्या घरी खिडकीतून निघून जाणार. आम्हाला हवं होतं फक्त छत.

काकूंचा प्रश्न : ‘तो भोपाळवाला गॅस त नाही ना?’

शेजारच्या काकूंनी ‘आयसोसायनेट’ हा शब्द कुठेतरी ऐकला होता. १९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळला गळलेला वायू मिथाइल आयसोसायनेट होता. फोमच्या दोन रसायनांपैकी एक आयसोसायनेटच असतं, पण वेगळं, त्याला एम.डी.आय. म्हणतात आणि ते सहजासहजी वाफ होऊन उडत नाही. घट्ट झालेल्या फोमपासून घरातल्यांना तो धोका नाही. धोका फवारतानाच्या धुक्यात आहे. ते छातीत गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. म्हणून फवारणाऱ्याला बाहेरून हवा देणारा मास्क, पूर्ण अंगभर सूट लागतो, आणि घरच्यांनी निदान एक दिवस बाहेर राहायचं असतं.

हे सगळं वाचल्यावर मी बाबांना घेऊन, फोमचं काम चालू असलेल्या एका गोडाऊनवर गेले. नाव सांगत नाही. आत दोन पोरं होती, माझ्याच वयाची. एकाच्या तोंडाला रुमाल, दुसऱ्याच्या तोंडाला काहीच नाही. डोळे लाल. मी विचारलं, ‘दादा, मास्क नाही दिला का?’ तो हसला, म्हणाला, ‘गरम होते मास्कनं, मॅडम.’ बाहेर आल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आपली आई थंड राहावी म्हणून दुसऱ्याच्या पोराची छाती जाळायची नाही.’ आमच्या घरातला स्प्रेचा विषय खरं तर तिथेच संपला. उरला तो प्रश्न, मग करायचं काय.

फरशीचं काय?

इपॉक्सीची चमक आईला फार आवडली होती. इपॉक्सी चांगलीच वस्तू आहे. ऑपरेशन थिएटर, औषधांचे कारखाने, लॅब, जिथे सांधे नकोत, रसायन सांडतं, तिथे तिला तोड नाही. पण ती उष्णता अडवत नाही. एक-दोन मिलिमीटरचा थर काय अडवणार? आणि आपल्याला तळमजल्याची फरशी उष्णतेपासून वाचवायचीच नसते. जमिनीत काही फूट खाली तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं, म्हणून मे महिन्यात फरशी ही घरातली सगळ्यांत थंड जागा असते. दुपारी चटई बाजूला सारून आपण उघड्या फरशीवर लोळतो ते काही उगीच नाही.

दुसरी अडचण खालून येणाऱ्या पाण्याची. आपल्याकडे काळी माती. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. त्या मातीवर बसलेल्या जुन्या घरांत जमिनीखाली प्लास्टिकचा थर नसतो, त्यामुळे ओल हळूहळू वर चढते. साधी फरशी ती ओल सांध्यांतून सोडून देते. वर इपॉक्सीचं झाकण बसवलं की ओल अडते, दाब धरते, आणि फोड आल्यासारखे फुगे येतात. तपासायला सोपी युक्ती आहे : दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक फरशीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी प्लास्टिकच्या आत थेंब दिसले किंवा खालचा भाग काळसर झाला तर इपॉक्सीचं नाव काढू नका. आम्ही ऑगस्टमध्ये लावलं. सकाळी प्लास्टिकवर बोटाने नाव लिहिता येईल एवढे थेंब होते. शिवाय इपॉक्सी ओली झाली की घसरते, आणि घरात आजी. आईने स्वतःच विषय बंद केला.

मग आपल्याकडे काय करायचे?

सेवाग्राम आपल्या इतकं जवळ आहे की आपण ते पाहुणे आल्यावरच बघतो. १९३६ च्या एप्रिलमध्ये गांधीजी इथे राहायला आले तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं. बापू कुटी आधी मीराबेनसाठी बांधली गेली, नंतर गांधीजी तिच्यात राहिले. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू, खाली सारवलेली जमीन. याच्या पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेन तयार केलं. म्हणजे आपली कुटी आणि हा फोम जवळजवळ एकाच वयाचे! लॉरी बेकर हे वास्तुशिल्पी गांधीजींकडून ऐकलेली एक गोष्ट नेहमी सांगत : घर बांधायचं सामान पाच मैलांच्या आत मिळालं पाहिजे. फोम त्या नियमात बसत नाही. पण तो नियम तयार होतो त्या विचारात मला आपली सगळी उत्तरं दिसली. कुटीच्या छपराखाली बसा, मग कळतं : ऊन आधी कवेलूंवर अडतं, कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, ओसरी भिंतीवर ऊन पडू देत नाही, आणि सारवलेली जमीन ओल धरते आणि सोडतेही.

मी हे फार भारावून घरी सांगितलं. आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मी लग्न होऊन आली तवापासून सारवलं. दर आठ दिवसानं. पावसाया­च्या आधी कवेलू फेरले, माकडं आले की फुटले, पुन्हा फेरले. तुले एवढं आवडते त तू सारव!’ माझं तोंड बंद झालं. जुनं घर थंड होतं हे खरं, पण त्याची किंमत कुणाच्या तरी कमरेने दिली होती, आणि ती कंबर बहुतेक बाईची होती. आजीने स्लॅबचं घर हौसेने मागितलं होतं. ते परत मातीचं करा, असं तिला सांगणारी मी कोण?

मग कुटीतून घेऊन येण्यासारखं काय, तर तिची रीत. ऊन बाहेरच अडवा आणि ओलीला वाट ठेवा. हे दोन्ही स्लॅबच्या घरातही होतं. दत्तपूरच्या ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ने, जी संस्था देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये सुरू केली, कुंभाराच्या चाकावर केलेल्या पोकळ शंकूच्या आकाराच्या कौलांपासून कमानीचं छप्पर करून दाखवलं. पोकळीतली हवा उष्णता अडवते. फोममध्ये जे बारीक कप्प्यांत होतं, तेच इथे मातीच्या नळीत होतं.

आणि सगळ्यांत स्वस्त उपाय तर बादलीत मावतो : चुना. पांढऱ्या रंगावरून ऊन परत फिरतं. माझ्याच ढोबळ हिशेबाने, पांढऱ्या गच्चीखाली त्या ११०० वॅटचे साडेचारशेच्या आसपास उरतात. अहमदाबादमध्ये २०१७ पासून वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा रंग देण्याचं काम झालं, आणि तेलंगणाने २०२३ मध्ये ‘कूल रूफ’ धोरणच जाहीर केलं. आम्ही मार्चमध्ये अर्ध्या गच्चीला चुना आणि थोडं फेव्हिकॉल कालवून दोन हात मारले आणि दुपारी ‘अनवाणी टेस्ट’ घेतली. बिनचुन्याच्या बाजूला माझ्या लहान भावाला पाच आकडे मोजेपर्यंत उभं राहता आलं नाही. चुन्यावर तो आरामात उभा राहून मला चिडवत होता. तोटा एवढाच की पावसाळ्यात चुना धुऊन जातो, धुळीने मळतो, दरवर्षी मारावा लागतो.

शेवटी आम्ही असं केलं. पूर्ण गच्चीला चुना. फक्त आजीच्या खोलीवर, दहा बाय बाराच्या तुकड्यावर, आधी वॉटरप्रूफिंग, मग कारखान्यातून तयार येणारे दोन इंची फोमचे बोर्ड, त्यावर कापड, जाळीचा कोबा आणि पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक. बोर्ड नुसते मांडायचे असतात, फवारा नाही, धुकं नाही, रुमाल बांधून उभं राहणारी पोरं नाहीत. तिची खोली गच्चीच्या उंच बाजूला असल्याने पाण्याचा उतारही अडला नाही. पश्चिमेच्या भिंतीला ग्रीन नेट. आणि फरशीच्या पैशांत घराभोवती बाहेरच्या बाजूला उताराचा कोबा, म्हणजे पावसाचं पाणी पायथ्याशी मुरणार नाही. सगळं मिळून खर्च पहिल्या क्वोटेशनच्या तिसऱ्या हिश्शातही बसला.

जादू वगैरे झाली नाही. या मे महिन्यातही दुपारी कूलर लागलाच, आणि आजीने दुपारी लाइनवाल्यांना शिव्याही दिल्या. पण रात्री दहाला स्टुलावर चढून मी दोन्ही खोल्यांच्या सिलिंगला हात लावून पाहिला. हॉलचं सिलिंग अजून कोमट होतं, आजीच्या खोलीचं नव्हतं. ‘वरून आग फेकत नाई आता,’ एवढं आजी म्हणाली आणि झोपली. उन्हाळा दवाखान्याशिवाय निघाला.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणी क्वोटेशन घेऊन येईल तेव्हा चारच प्रश्न विचारा. ही वस्तू कुठल्या हवेसाठी आणि कुठल्या घरासाठी तयार झाली? आमच्या घरात ऊन कुठून येतं आणि ओल कुठून? झाकल्यावर ती ओल कुठे जाईल? आणि काम करणाऱ्याच्या तोंडाला मास्क असेल का? चारही उत्तरं नीट मिळाली तर खुशाल सही करा. आमच्या अभ्यासक्रमात पहिले दोन आहेत. बाकीचे दोन मला घरी कळले.